झाडाखालची फुले : ओळख आणि जोपासना



बाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येतात गुलाब, मोगरा, शेवंती आणि झेंडू. ही सगळी उन्हाची फुले. पण प्रत्येक मोठ्या झाडाखाली सावलीचा एक तुकडा असतो आणि तिथे 'काही येत नाही' म्हणून आपण तो झाडून लख्ख ठेवतो. शाळेच्या आवारातल्या लिंबाखाली पहा, वस्तीवरच्या चिंचेखाली पहा, तेच चित्र! आज मला या सावलीच्या तुकड्याबद्दल बोलायचे आहे. तिथे कोणती फुले येतात, ती ओळखायची कशी आणि वाढवायची कशी, एवढाच आपला विषय. त्यातही ओळखायचे कसे, यावर माझा भर राहील. कारण ही ओळख चुकली तर नुसते झाड मरत नाही, माणसाच्या जिवावर बेतते.

सुरुवात जरा दूरच्या देशातून करू. युरोप, उत्तर अमेरिका आणि जपान या थंड मुलखांतल्या रानात हेपॅटिका नावाचे एक वीतभर उंचीचे झाड असते. आपल्या देशाच्या अगदी उत्तरेला, काश्मीरच्या डोंगरांतही त्याची एक जात सापडते. हिवाळा सरता सरता, वरच्या झाडांना पालवी फुटण्याआधीच, पानगळीच्या कुजलेल्या थरातून याची निळी, गुलाबी, पांढरी फुले वर येतात. पुढे झाडे पानांनी भरली आणि खाली गर्द सावली पडली, तोवर याचे फुलणे उरकलेले असते. जपानात याला 'युकिवारिसो' म्हणतात, म्हणजे बर्फ फोडून येणारे झाड. तिथले हौशी लोक कुंड्यांतून त्याच्या नाना जाती जपतात.

आता त्याच्या नावाची गंमत ऐका. हेपॅटिकाचे पान तीन भागांचे, जाडसर आणि खालून जांभळट असते. जुन्या काळच्या लोकांना ते माणसाच्या यकृतासारखे, म्हणजे काळजासारखे दिसले. ग्रीक भाषेत यकृताला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडले. लोक नावावरच थांबले नाहीत. 'पान यकृतासारखे, त्या अर्थी ते यकृताचे औषध असणार,' असा तर्क त्यांनी लढवला. १८८० च्या दशकात अमेरिकेत यकृताचे औषध म्हणून ही पाने टनांनी खपली. गुण काही आला नाही आणि पुढे ते खूळ ओसरले. ओल्या पानांचा रस तर कातडीला दाह करणारा! एका खुणेवर भरवसा ठेवला की असे होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे आपल्याला ती कामी येणार आहे.

तुम्ही म्हणाल, 'हे झाड आमच्या तिसगावात लावता येईल का?' नाही येणार. त्याला हिवाळ्यात कडक थंडी लागते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, त्यात ते तग धरणार नाही. तेव्हा कोणी रोप विकायला आणले, तरी पैसे घालवू नका. पण त्याचे गणगोत आपल्या ओळखीचे आहे. सह्याद्रीच्या रानात झुडपांवर चढणारी, हिवाळ्यात पांढऱ्या फुलांनी भरून जाणारी मोरवेल त्याच कुळातली. लोणच्यात पडणारी कलौंजी त्याच कुळातली. हिमालयातला जहरी बचनागही त्याच कुळातला.

यातली कलौंजी बघा. काळी, बारीक, कोनदार. पुष्कळ लोक तिला 'कांद्याचे बी' म्हणतात. कांद्याशी तिचा सुतराम संबंध नाही, दोन्ही बिया दिसायला सारख्या एवढेच. ही फसगत निरुपद्रवी आहे. पण सगळ्याच फसगती अशा नसतात.

आता आपल्या मुलखात येऊ. तिसगाव हे पाथर्डी तालुक्यातले गाव. जिल्हा अहिल्यानगर, २०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर. एका अंगाला करंजीचा घाट, जवळच मढीचे कानिफनाथांचे ठाणे आणि गर्भगिरीच्या डोंगरात वृद्धेश्वराचे झाडीतले देऊळ. हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाचा पाऊस जेमतेम वीस-पंचवीस इंच, त्यातही पुष्कळसा भाद्रपद-आश्विनात. अशा ठिकाणी सावलीतले झाड जगते कसे? ते आठ महिने झोपा काढते! जमिनीखाली कंद असतो. त्यात अन्नपाण्याची शिदोरी भरलेली असते. मृगाचा शिडकावा झाला की कोंब वर येतो. पान, फूल, बी अशी सगळी कामे तीन-चार महिन्यांत उरकतात आणि दिवाळीच्या सुमारास वरचा भाग वाळून जातो. हेपॅटिका जे थंडीशी जमवून घेते, तेच ही झाडे दुष्काळाशी जमवून घेतात. वरचे मोठे झाड त्यांना दोन गोष्टी देते, उन्हापासून आडोसा आणि पाल्याचे खत.

अशा झाडांपैकी तिघांची ओळख आज करून घेऊ. ओळखताना प्रत्येकाला चार प्रश्न विचारायचे. जमिनीखाली काय आहे? पान कसे आहे? फूल कसे आहे? आणि ते केव्हा येते? चारही उत्तरे जुळली तरच ओळख पटली असे म्हणायचे. तीन जुळली आणि एक जुळले नाही, तर हात मागे घ्यायचा.

पहिली सफेद मुसळी. जमिनीखाली बोटांएवढ्या पांढऱ्या मांसल मुळांचा झुपका असतो. पाने लांब, पातीसारखी, आणि सगळी एकाच जागेतून, थेट जमिनीतून निघालेली; पानांसाठी वेगळे खोड नाही. मधून एक सरळ दांडा येतो. त्यावर सहा पाकळ्यांची चांदणीसारखी पांढरी फुले आणि मध्ये पिवळे केसर. काळ आषाढ-श्रावणाचा. या मुसळीचे शास्त्रीय नाव मुंबईजवळच्या बोरिवलीवरून ठेवलेले आहे. फादर सांतापाऊ या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९५० च्या दशकात ते दिले. मुसळीच्या जातींची कोवळी पाने सह्याद्रीकडचे लोक पहिल्या पावसात भाजीसाठी खुडतात. तिला फोडशी म्हणतात.

दुसरा रानकांदा, कोणी कोळकांदा म्हणतात. जमिनीखाली थेट कांद्यासारखा, पापुद्र्यांचा गड्डा. पण चिमूटभर पान चुरगाळून वास घ्या, कांद्याचा वास येणार नाही. फूल येण्याची त्याची तऱ्हा निराळी आहे. ऐन उन्हाळ्यात, अंगावर एकही पान नसताना, नुसता एक उंच दांडा जमिनीतून वर येतो. त्याला मळकट, हिरवट-तपकिरी, खाली झुकलेली फुले लागतात, तीही सांज झाल्यावर उमलतात. पाने मागाहून, पावसाळ्यात येतात. म्हणजे फूल पाहिले तर पान दिसत नाही आणि पान पाहिले तर फूल दिसत नाही. त्यामुळेच माणूस फसतो. याचा कंद हृदयावर परिणाम करणारा, विषारी आहे. चव घेऊन पाहण्याच्या भरीस कोणी पडू नये.

तिसरी कळलावी. कुठे तिला खड्यानाग म्हणतात, कुठे अग्निशिखा. कोकणात गौरीच्या सणाला हिच्या फुलांचा मान असतो. तमिळनाडूचे हे राज्यफूल आहे. जमिनीखालचा कंद दोन फाट्यांचा, नांगरासारखा वाकलेला असतो. संस्कृतात हिला लांगली म्हणतात, ते याचमुळे. लांगल म्हणजे नांगर. हिला खोड असते आणि ती कुंपणाच्या, झुडपांच्या आधाराने वर चढते. पानाचे टोक दोऱ्यासारखे लांबून गुंडाळते आणि आधाराला पकडते. ही तिची पक्की खूण. फूल खाली तोंड करून लोंबते, पण त्याच्या सहा नागमोडी पाकळ्या मागे उलटून आकाशाकडे वळतात. बुडाशी पिवळ्या, वर लाल, जणू आगीच्या जिभा. श्रावण-भाद्रपदात हे फूल पाहावे. नंतर शेंग उकलते आणि आत लालभडक बिया दिसतात.

आता नीट ऐका. या देखण्या झाडात, मुळापासून बियांपर्यंत, कोल्चिसिन नावाचे जहाल विष आहे. कंदात आणि बियांत तर भरपूर. तेच द्रव्य शुद्ध करून, तोलून-मापून, डॉक्टर गाऊट नावाच्या सांधेदुखीवर देतात. तमिळनाडूत शेतकरी या बियांसाठी कळलावीची लागवडही करतात. आयुर्वेदाने हिला उपविषांत धरले आहे. पण औषध तयार करणे हे जाणकाराचे काम, आपले नव्हे. 'कळा लावणारी' म्हणून हिचे नाव कळलावी. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून पूर्वी हिचा कंद वापरत. मायबहिणींनो, हा प्रकार घरी कधीही करू नका. बाळंतीण आणि बाळ दोघांचेही प्राण त्यात जाऊ शकतात. दवाखाना गाठा.

नावाचा घोळ आणखी वाईट. मघाशी मी हिमालयातला बचनाग सांगितला. आपल्याकडे काही भागांत कळलावीलाही बचनागच म्हणतात. दोन झाडे, दोन निराळी कुळे, दोन निराळी विषे, आणि नाव एकच! बाजारात कोणी नाव सांगून मूळ हातात ठेवले, तर ते नक्की कशाचे हे नावावरून कळणार नाही. हेपॅटिकाच्या पानाने लोकांना फसवले, कलौंजीच्या दाण्याने फसवले, रानकांद्याच्या गड्ड्याने फसवले आणि इथे तर नावच फसवते.

भाजी खुडणाऱ्यांसाठी एक खास इशारा. मृगाच्या पावसानंतर कळलावी जेव्हा नुकती वर येते, तेव्हा तिच्या खालच्या पानांना तो दोऱ्यासारखा शेंडा नसतो. म्हणजे पक्की खूण नेमकी भाजी खुडण्याच्या दिवसांत गैरहजर! अशा वेळी खोड पहावे. पाने एका खोडावर चढत गेलेली दिसली की ती मुसळी नव्हे, सोडून द्यावी. आणि कंद खणून 'रताळ्यासारखा लागतो का' हे पाहण्याचा मोह मुलांना होतो, त्यांना आजच समजावून सांगा.

इतके करूनही कोणाच्या पोटात गेलेच तर? कळलावीचे विष लगेच बोलत नाही. दोन तासांपासून दहा-बारा तासांपर्यंत काहीच होत नाही, मग उलट्या आणि जुलाब सुरू होतात. ते थांबले म्हणजे धोका टळला असे समजू नका. खरा घात पुढच्या दोन-तीन दिवसांत होतो. म्हणून त्रास सुरू होण्याची वाट न पाहता माणसाला सरळ मोठ्या दवाखान्यात न्या आणि त्या झाडाचा तुकडा बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरांना ओळख पटेल. घरगुती उतारे करीत वेळ दवडू नका.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, 'मग ही झाडे उपटूनच टाकू की!' तसे मात्र करू नका. विष हे झाडाचे राखण आहे, आपल्यावर उगारलेले हत्यार नाही. घरात दिवा असतो, चूल असते, आपण मुलांना त्यांच्याशी वागायला शिकवतोच ना? तसेच हे. आणि दुसऱ्या बाजूनेही बघा. सफेद मुसळी औषधी म्हणून तिला मागणी आली आणि रानांतून ती इतकी खणली गेली की पुष्कळ ठिकाणी आता शोधावी लागते. जे विषारी ते भीतीने उपटायचे आणि जे गुणी ते हावेने उपटायचे, मग डोंगरावर राहणार काय?

तेव्हा पाहायचे असेल तर डोंगरावर जाऊन पहा, पण लावायचे असेल तर बी किंवा लागवडीचा कंद वापरा. गर्भगिरीतून, देवळाच्या झाडीतून कंद खणून आणू नका. एक कंद खणला की तिथली पुढच्या अनेक वर्षांची फुले खणली.

आता प्रत्यक्ष लागवड. आधी पाल्याचे खत. शाळेच्या आवारात पानगळ झाली की पाला पेटवतात. यंदा पेटवू नका. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्या. वीतभर पाला, त्यावर शेणकाल्याचा सडा, त्यावर मूठ मूठ माती, असे थर भरा. दहा-पंधरा दिवसांनी पाणी शिंपडा, अधूनमधून वरखाली करा. वर्षभरात काळसर, भुसभुशीत खत होईल आणि त्याला मातीचा वास येईल. लिंब, चिंच, वड, उंबर यांचा पाला चांगला. निलगिरीचा नको, तो लवकर कुजत नाही.

मग जागा. खोडापासून निदान चार हात लांब, जिथे सकाळचे ऊन लागते आणि दुपारची सावली पडते अशी. अगदी काळोखी सावली नको. खोडालगत माती चढवू नका, साल कुजते. मोठी मुळे तोडू नका. खणून वाफा करण्यापेक्षा वरच सहा इंच उंचीचा वाफा रचा. खाली मुरमाचा थर, वर दोन घमेली माती, एक घमेले वाळू, एक घमेले पाल्याचे खत या मापाने मिश्रण. आपली काळी चिकण माती नुसती वापरलीत तर पावसाळ्यात पाणी धरून राहील आणि कंद सडतील. कंदाला ओल हवी, पण दलदल नको.

मुसळी लावायची मृगात. झुपक्यातून बोटे सुटी करताना प्रत्येक बोटाला वरच्या गड्ड्याचा लहानसा तुकडा राहिला पाहिजे, कारण कोंब तिथूनच येतो. नुसते बोट लावले तर सडून जाते. वीत-वीत अंतर ठेवा. पाऊस ओढ देईल तेव्हा आठवड्यातून एक-दोनदा झारीने पाणी द्या. पाने पिवळी पडू लागली की पाणी थांबवा. पुष्कळांना वाटते झाड मेले, आणि ते जागा उकरून दुसरे काही लावतात. झाड मेलेले नाही, झोपले आहे! तिथे एक खुंटी ठोकून ठेवा, म्हणजे पुढच्या मृगापर्यंत कोणी खणणार नाही. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात त्या जागेवर पाल्याचे पांघरूण असू द्या.

कळलावी बियांपासून करायची तर धीर लागतो. बी उगवायला आठवडे, कधी महिने लागतात आणि फूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी येते. मघाच्या हेपॅटिकाचीही हीच रीत, तिलाही बियांपासून फुलापर्यंत वर्षे लागतात. लागवडीचा कंद मिळाला तर तो आडवा, दोन-तीन इंच खोल लावा. कोंब फाट्याच्या टोकाशी असतो आणि फार नाजूक असतो. तो मोडला तर त्या फाट्याला दुसरा फुटत नाही. हाताला मोजे घाला, काम झाल्यावर हात धुवा. चढायला काटक्यांचा आधार द्या. मुळाशी सावली आणि शेंड्याला ऊन ही तिची आवड, म्हणून कुंपणाची कड उत्तम.

पण जिथे लहान मुले किंवा गुरे मोकळी वावरतात, तिथे कळलावी लावूच नये. प्राथमिक शाळेत तर नाहीच. हायस्कुलात लावलीत तर कुंपणाआड लावा, ठळक अक्षरांत 'विषारी' अशी पाटी लावा आणि शेंगा वेळेवर, मोठ्या माणसांनी काढून कुलपात ठेवा.

आता गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. या वाफ्याची एक वही करा. पहिला पाऊस कधी पडला, कोंब कोणत्या तारखेला दिसला, पहिले फूल कधी, पाने कधी वाळली, हे मुलांनी लिहावे. पानाचे चित्र काढावे, त्याखाली आपल्या चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. आजीला, आजोबांना विचारून झाडाची गावातली सगळी नावे टिपावीत; एका झाडाला किती नावे आणि एका नावाची किती झाडे, हे मुलांना आपोआप कळेल. अहमदनगर जिल्ह्यातल्या वनस्पतींवर प्रधान आणि सिंग यांचा स्वतंत्र ग्रंथ १९९९ साली निघालेला आहे. तो इंग्रजीत आहे. जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांकडे वही नेली, तर शास्त्रीय नावे ताडून पाहता येतील.

पाच वर्षांच्या पाच वह्या झाल्या की त्या शेतकऱ्यालाही उपयोगी पडतील. पाऊस लांबला त्या वर्षी कोंब किती लांबला, हे आपल्याच गावच्या मातीतून, आपल्याच मुलांच्या अक्षरात समोर येईल.

तर यंदा एवढेच करा. झाडाखालचा पाला पेटवू नका, खड्ड्यात भरा. येत्या मृगाला एक लहानसा वाफा करा आणि त्यात पहिली मुसळीच लावा. आणि डोंगरात अनोळखी कंद दिसला, तर तो खणण्याआधी आणि चाखण्याआधी ते चार प्रश्न आठवा. उत्तरे जुळली नाहीत, तर झाडाला नमस्कार करून पुढे चला.